भाडं न दिल्याचा पुरावा

माझ्या नणंदेने नवऱ्याला घराबाहेर काढलं तेव्हा तिला कुणीही पुरावा मागितला नव्हता. सगळ्यांना सगळं दिसतच होतं. त्याची ट्रंक जिन्यावरून खाली न्यायला खुद्द त्याच्या आईने हात लावला. पुढे कित्येक वर्षांनी त्याच नवऱ्यापायी पालिका नणंदेला खोलीबाहेर काढायला निघाली, तेव्हा मात्र जबाब, साक्ष, सुनावणी असा साग्रसंगीत घोळ झाला. आमच्या घरात ही हकीकत प्रत्येक जण वेगळी सांगतो, आणि सांगता सांगता स्वतःला वकील करून घेतो. वकील एकच होता, माझा भाचा, दुसऱ्या नणंदेचा मुलगा, आणि तोही अर्धा वेळ घामच पुसत होता.

नणंदेला मी वन्सं म्हणते. त्या माझ्याहून बऱ्याच लहान. लग्न होऊन मी आले तेव्हा त्या फ्रॉकमध्ये दोरीवरच्या उड्या मारत होत्या. त्या फ्रॉकला अहो-जाहो करायचं असं सासूबाईंनी बजावलं, आणि एकदा वळलेली जीभ नंतर सरळ झाली नाही. त्या शाळेत बऱ्या होत्या. पुढे शिकल्या असत्या. पण शहरातल्या एका मोठ्या हॉटेलाच्या दाराशी त्यांना एक दरवान दिसला. पितळी बटणांचा लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झुपके, आणि मिशा अशा की गाडीतून उतरणारे मालकलोकसुद्धा त्याच्यापुढे भाडेकरू वाटावेत. वन्संनी बटणांशी लग्न केलं. माझे सासरे त्याला तोंडावर ‘जावईबापू’ म्हणायचे आणि पाठीमागे काय म्हणायचे ते मी लिहीत नाही. पहिलंच नाव टिकलं.

जावईबापू वाईट नव्हते. मारझोड नाही, दारू नाही. फक्त घरात एक कपर्दिकही देत नसत. पगार, बक्षिशी, जे मिळे ते कोटाच्या धुलाईत, बुटांच्या पॉलिशमध्ये आणि मित्रांना चहा पाजण्यात जाई. रस्त्यात भेटलेल्या कुणालाही ते ‘या घरी जेवायला’ म्हणायचे आणि घरी जेवायला काय आहे ते त्यांना जेवायला बसल्यावर कळायचं. वन्संनी आठ वर्षं काढली. मग ट्रंक काढली.

त्यानंतर त्या बसडेपोत लागल्या, सीटा शिवायला. फाटलेलं रेक्झीन उसवायचं, आतला दबलेला फोम बदलायचा, नवीन कव्हर ताणून शिवायचं. त्यांच्या हातातलं दाभण पाहिलं की मला अजून घाम फुटतो. उजव्या हाताचा अंगठा असा निबर झाला आहे की त्याला सुई टोचली तर सुईच वाकते. बसमध्ये माझ्याबरोबर बसल्या की आधी सीटखाली हात घालतात, टाके चाचपतात आणि म्हणतात, ‘आमचं नाही हे. दुसऱ्या डेपोचं. बघा कसं शिवलंय, मेल्यांनी.’

डेपोत लागल्यावर त्यांनी पालिकेच्या एका इमारतीत खोलीसाठी अर्ज केला आणि चिकाटीने मिळवली. एकच खोली. ओटा एका कोपऱ्यात, मोरी दुसऱ्या, खिडकीखाली लोखंडी कॉट. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती साफ करता येतात. पण दारावर पाटी त्यांच्या एकटीच्या नावाची. मी कॉलेजात पस्तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं आणि तरी माझ्या दारावरच्या पाटीत माझं नाव नवऱ्याच्या खाली, लहान अक्षरात होतं. तेव्हा वन्संची पाटी मला काय वाटत असेल ते बायकांना कळेल.

मग एके दिवशी रुग्णवाहिकेतून जावईबापू आले. हॉटेलाने त्यांना कधीच घरी बसवलं होतं. घर नव्हतंच, म्हणून ते एका ओळखीच्याच्या गॅरेजमध्ये बसले होते. तिथेच पाय घसरून मांडीचं हाड मोडलं. रुग्णालयात ‘जवळचं माणूस कोण’ विचारल्यावर त्यांनी वन्संचा पत्ता दिला. दोन माणसांनी त्यांना स्ट्रेचरवरून वर आणलं, कॉटवर ठेवलं आणि खाली धूम ठोकली.

‘वहिनी, मी दारातच नाही म्हणणार होते,’ वन्संनी मला सांगितलं. ‘पण कॉटवर ठेवलेला माणूस परत खाली कोण नेणार? लिफ्ट कुठाय आमच्याकडे?’

‘ठेवून घेतलंत म्हणा की.’

‘ठेवून नाही घेतलं. पाय जुळेपर्यंत पडू दिलंय. फरक आहे.’

कॉट त्यांना दिली आणि स्वतः खाली, डेपोतून आणलेल्या जुन्या फोमवर झोपायला लागल्या.

याच सुमारास पालिकेला आपल्या इमारती आठवल्या. मालमत्ता खात्याला स्वतःच्याच कचेरीला जागा पुरत नव्हती आणि वन्संची इमारत बाजाराजवळ, मोक्याची. आता राहत्या लोकांना उठवायचं तर काहीतरी कारण हवं. म्हणून खात्याचा निरीक्षक तपासणीला फिरू लागला. तपासणी कधी? अकरा ते चार. म्हणजे ज्याला नोकरीधंदा आहे तो घरी नसण्याची वेळ. दार बंद दिसलं की निरीक्षक लिहायचा, ‘राहत नाहीत.’ संध्याकाळी येऊन पाहावं तर संध्याकाळी तो स्वतःच्या घरी राहायचा. अर्धी इमारत आपण इथे राहतो हे सिद्ध करत खात्यात खेटे घालू लागली.

वन्संच्या दारावर टकटक झाली तेव्हा वन्सं डेपोत. जावईबापू प्लास्टरमध्ये. दुसरा कुणी असता तर पडल्या जागेवरून ‘घरी कुणी नाही’ ओरडला असता. पण आयुष्यभर दुसऱ्यांसाठी दारं उघडलेला माणूस तो! कुणी दाराशी उभं आहे आणि दार बंद आहे, हे त्यांच्याने सोसवेना. वॉकर धरून, एका पायावर उड्या मारत गेले आणि असं झोकात दार उघडलं की निरीक्षक गोंधळून बूट पुसायला लागला.

पुढचं संभाषण मला स्वतः जावईबापूंनी ऐकवलं आहे, अभिमानाने.

‘कोण राहतं इथे?’ निरीक्षकाने विचारलं.

‘सध्या आम्ही.’

‘खोली तर एका बाईंच्या नावावर आहे. तुम्ही त्यांचे कोण?’

इथे जावईबापू अडले. नवरा म्हणावं तर हाकललेला. आजारी माणूस म्हणावं तर बायकोच्या भाकरीवर पडलेला. समोर कोरा कागद घेऊन एक सरकारी माणूस अदबीने उभा. जावईबापूंनी मान ताठ केली.

‘मी भाड्याने राहतो. भाडं वेळच्या वेळी देतो. आजवर एक दिवस चुकलेला नाही.’

निरीक्षकाला आठवडाभर नुसती कुलपं भेटली होती. त्याने तिथल्या तिथे जबाब लिहून घेतला. जावईबापूंनी खाली सही केली, शेवटच्या अक्षराची शेपटी अर्धा कागद फिरवून.

पंधरवड्याने दारावर नोटीस चिकटली. खोलीत पोटभाडेकरू ठेवल्याचं आढळलं आहे, सबब खोली का खाली करून घेऊ नये याची कारणे दाखवा. वन्सं डबा हातात घेऊन तशाच माझ्याकडे आल्या.

‘तुम्ही तर्कवाल्या. सांगा, काय करू?’

‘काही करू नका,’ मी म्हटलं. ‘जो म्हणतो त्याने सिद्ध करायचं. सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर. समजा मी म्हटलं, वन्संनी माझी कढई नेली. तर ती तुमच्याकडे आहे हे मी दाखवायचं. नाही हे दाखवायला तुम्ही घर उपसायचं कारण नाही.’

‘पण तुमची कढई माझ्याकडेच आहे.’

‘ते राहू द्या. उदाहरण आहे.’

‘उदाहरण तरी बरं घ्यायचं, वहिनी. तुमची पोरं पास कशी व्हायची?’

भाच्याला बोलावलं. त्याने नोटीस वाचली, जबाबाची नक्कल मागवून तीही वाचली आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, ‘मामी, तुझं तत्त्व बरोबर आहे, पण इथे थोडं पुढे गेलंय. खात्याने एवढं दाखवलं की खोलीत परका माणूस आहे आणि तो भाडं देतो म्हणतो, की ओझं आपल्या डोक्यावर आलं. हा इथे का आहे, ते आपण सांगायचं.’

‘सांगू की,’ वन्सं म्हणाल्या. ‘पाय मोडलाय म्हणून.’

‘त्याहून सोपं आहे. नवरा आहे म्हणून सांगा. कागदोपत्री लग्न मोडलेलं नाही ना? झालं तर. नवरा पोटभाडेकरू होत नाही. कुटुंबात त्यांचं नाव लावा, नोटीस आपोआप गळते.’

‘नाव लावलं की?’

भाचा जरा चाचरला. ‘नाव लावलं की मग तेही खोलीत हक्काने राहणार. उद्या जा म्हणता येणार नाही. आणि तुमच्या मागे खोली त्यांची.’

वन्सं हसल्या. बरं नव्हतं ते हसणं. ‘म्हणजे एक तर पालिकेला द्या, नाहीतर यांना द्या. मला ठेवायचा प्रकार नाहीच का कुठे तुझ्या कायद्यात?’

‘आहे. त्यांनी येऊन सांगायचं, की भाडं देतो हे खोटं होतं.’

‘त्यांना मी सांगणार नाही.’

‘अहो, पण का?’ मी विचारलं.

‘आठ वर्षं त्या माणसाकडे मागत होते. भाजीला द्या, दुधाला द्या. ट्रंक काढली त्या दिवशी ठरवलं, आता याच्याकडे काही मागायचं नाही. खरंसुद्धा नाही.’

तेव्हा मलाच जावं लागलं. वन्सं कामावर असताना गेले. जावईबापू कॉटवर उशीला टेकून, केस विंचरून बसले होते.

‘या, वहिनी. खुर्ची घ्या. चहा मागवू?’

‘कुणाकडून मागवता? मोरीतून?’ मी म्हटलं. ‘जावईबापू, तुमच्या त्या जबाबाने वन्संची खोली जायची वेळ आली आहे. सुनावणीत सांगून टाका की थाप मारली.’

‘वहिनी, सही केलीय मी.’

‘सही तुम्ही लग्नाच्या वेळीही केली होती.’

मिशा कुरवाळल्या त्यांनी. ‘चारचौघांत सांगू, की मी बायकोच्या जिवावर पडलोय?’

‘पडला आहात ते चारचौघांना दिसतंच आहे. बोलून दाखवायचं तेवढं राहिलंय.’

‘बघतो,’ ते म्हणाले. या ‘बघतो’वर वन्संनी आठ वर्षं संसार केला होता. मी पिशवी उचलली आणि निघाले.

सुनावणी मालमत्ता खात्यातच. नोटीस काढणारे मालमत्ता अधिकारी, ऐकणारे तेच, निकाल देणारेही तेच. त्यांची दाढ ठणकत होती. गालावर हात, तोंडात लवंग. मी भाच्याला हळूच विचारलं, ‘आणि अपील?’ म्हणाला, ‘ते कोर्टात.’ तेवढंच काय ते यांच्या हातातून निसटलं होतं.

जावईबापूंना आम्ही टॅक्सीतून आणलं. त्यांनी जुना लाल कोट घातला होता. अर्धी बटणं गेलेली, उरलेली लखलखीत. वन्संनी कोटाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

निरीक्षकाने जबाब वाचून दाखवला. अधिकारी गाल धरून म्हणाले, ‘स्पष्ट आहे. तरी विचारतो. आजोबा, तुम्ही भाडं देता?’

जावईबापूंनी वन्संकडे पाहिलं नाही. कोट सावरला. ‘देतो.’

भाच्याने डोळे मिटले. माझ्या हातात छत्री होती. ती मी वापरली नाही याची नोंद व्हावी.

‘किती देता?’

हा प्रश्न निरीक्षकाने विचारलाच नव्हता, त्यामुळे जावईबापूंनी त्याचा विचारच केला नव्हता. गॅरेजात फुकट, त्याआधी बायकोकडे फुकट. जन्मात त्यांना खोलीचा एकच दर ठाऊक होता, हॉटेलाच्या दाराशी पाटीवर लिहिलेला. तो त्यांनी सांगितला. दुसरा मजला, समोरची बाजू.

अधिकाऱ्यांचा गालावरचा हात खाली आला. ‘महिन्याला?’

‘रोजचं,’ जावईबापू म्हणाले. ‘नाश्ता धरून.’

निरीक्षक पंख्याकडे पाहू लागला.

‘नाश्ता!’ वन्सं उठल्याच. ‘साहेब, एवढं भाडं मला मिळत असतं तर तुमची अख्खी इमारत मी विकत घेतली असती आणि नोटीस तुम्हाला दिली असती!’

‘बसा, बाई. म्हणजे हे भाडं देत नाहीत असं तुमचं म्हणणं?’

‘नाहीच देत.’

‘पुरावा?’

आता भाचा उठला. एरवी शामळू आहे, पण त्या दिवशी बोलला. ‘साहेब, न दिलेल्या भाड्याची पावती मी कुठून आणू? देतात असं खातं म्हणतं. खात्याने दाखवावं. पैसे हातात पडताना कुणी पाहिलं? कधी? निरीक्षकांनी किती म्हणून तरी विचारलं होतं का?’

‘नव्हतं विचारलं,’ निरीक्षक पुटपुटला. ‘ते इतके रुबाबात बोलत होते की विचारायचा धीर झाला नाही.’

अधिकाऱ्यांनी लवंग एका बाजूची दुसऱ्या बाजूला नेली. माणूस दुष्ट नव्हता. त्याला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. ‘हे बघा बाई, भाड्याचं सोडा. तुमच्या खोलीत एक पुरुष राहतो, हे तर खरं. हे तुमचे कोण? नातं सांगा, मी इथेच मिटवतो.’

भाच्याने टेबलाखालून वन्संच्या पायावर पाय दिला. मी कोपर मारलं. एका शब्दाचं काम होतं. वन्सं दाभणाने घट्टे पडलेला तो अंगठा पदराच्या काठावर घासत राहिल्या आणि बोलेनात. अधिकारी पेन घेऊन थांबले. न बोलण्याची नोंद करायला त्यांनी कागद पुढे ओढला. गेली खोली.

‘त्यांना विचारू नका.’

जावईबापू बोलले होते. आवाज हॉटेलाच्या दारातला नव्हता. ‘मला विचारा. मी खोटं सांगितलं. एक पैसा देत नाही मी. आधीही दिला नव्हता. संसार होता तेव्हाही नाही. ही सीटा शिवण्याआधी लोकांचे कपडे शिवायची आणि मी मिशांना तेल लावायचो. हिने मला काढलं ते बरोबरच काढलं.’

कोपऱ्यात सुनावणी टिपून घेणारा टंकलेखक थांबला. ‘साहेब, मिशांचं लिहू?’

‘लिही,’ अधिकारी म्हणाले. मग जावईबापूंकडे वळले, ‘आजोबा, तेव्हा खोटं बोललात. आता खरं कशावरून?’

‘तेव्हाच्या बोलण्यात माझी शोभा होती, साहेब. यात काय आहे?’

‘हेही लिही,’ अधिकारी टंकलेखकाला म्हणाले. पस्तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवून हा मुद्दा मला कधी सुचला नव्हता.

‘आणखी लिहा,’ जावईबापू म्हणाले, ‘पाय बरा झाला की मी जाणार. खोली तिची. माझं नाव कुठेही लावायचं नाही. लावून दिलं तरी मला नको.’ आणि सहीचा कागद पुढे आला तेव्हा नुसती साधी सही केली, शेपटीशिवाय.

वन्संनी त्यांच्याकडे पाहिलं. रडल्या वगैरे नाहीत. टॅक्सीत एवढंच म्हणाल्या, ‘कोटाचं अस्तर उसवलंय. काढून द्या, घालते टाका.’

निकाल आला. भाडं घेऊन खोली दुसऱ्याला दिल्याचं खात्याला सिद्ध करता आलं नाही, सबब नोटीस रद्द. वन्संना तेही पसंत पडलं नाही. ‘सिद्ध करता आलं नाही म्हणे! म्हणजे मी ठेवला होता पण यांना सापडला नाही, असंच ना?’

‘वन्सं, खोली राहिली. आता भाषा तपासू नका.’

‘तुम्ही आयुष्यभर दुसरं काय केलंत?’

प्लास्टर निघालं, जावईबापू काठी घेऊन चालू लागले. इमारतीतल्या बायकांनी ठरवूनच टाकलं की आता वन्सं त्यांना ठेवून घेणार. फार सिनेमे बघतात. खरं म्हणजे जावईबापूंनाही तसंच वाटत होतं. एका संध्याकाळी मी तिथे असताना त्यांनी पिशवी भरली, ती दाराशी ठेवली, कोट चढवला आणि म्हणाले, ‘निघतो मी.’

वन्सं ओट्याशी होत्या. ‘बरं.’

ते उभेच राहिले. मी भिंतीकडे पाहत होते.

‘वृद्धाश्रमात सांगून ठेवलंय मी,’ वन्सं हात पुसत म्हणाल्या. ‘डेपोच्या मागच्या गल्लीत. तळमजल्याची जागा आहे, जिना नाही. जेवणाची वेळ चुकवू नका, ते लोक थांबत नाहीत. रविवारी मी येईन. मिशांचं तेल आणणार नाही, आधीच सांगते.’

‘आणि भेटायला आलेल्या लोकांना काय सांगू? तू माझी कोण?’

‘काय वाटेल ते सांगा. सही मात्र कशावर करू नका.’

ते गेले. वन्संनी त्यांना जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत धरून नेलं. तशी सोडणारी बाई नाही ती. वर आल्यावर फोमची घडी केली, कॉटवरची चादर बदलली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मी माझी कामं आटपून त्यांच्याकडे गेले. दार सताड उघडं. वन्सं कॉटवर आडव्या, पायावर पाय टाकून, छताकडे बघत. काही शिवत नव्हत्या, काही निवडत नव्हत्या. वन्संना भर दुपारी नुसतं पडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

‘अहो, दार तरी लोटायचं,’ मी म्हटलं. ‘कुणीही येईल आत.’

‘येऊ दे की निरीक्षकाला,’ त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या. ‘आज मी घरी आहे.’